साकु

वडगावात, वडिलांचा माग जिथं होता
त्या खोलीत आता साठ लिटर समुद्र आहे.
मागाच्या पायांचे खड्डे फरशीत अजून दिसतात.
त्यातल्याच दोनांवर टाकीचं स्टँड बसलंय,
जरा कलतंय, म्हणून एका पायाखाली
उद्यमबागेतनं आणलेला पितळी वायसर.

मी पंप बनवणारा माणूस.
दिवसभर इंपेलर घासतो,
माझ्या घरी पंप कमी कसे असणार?
पहिल्या वर्षी डब्याचा फिल्टर,
दुसऱ्या वर्षी फेस काढणारा स्किमर,
मग स्पंज, स्पंजामागे प्लॅस्टिकचे काटेरी गोळे,
जंतू मारायला निळा दिवा,
आणि एक नळी, जी नेमकी कशाला लावली होती
ते आता आठवतही नाही.
तरी नायट्रेट तपासलं की
काचनळी पान खाल्ल्यासारखी लाल.
मासा घाण करायचा, गोळे ती साठवायचे,
साठलेलं कुजायचं आणि विरघळायचं त्याच पाण्यात.
मी आणखी एक पंप आणायचो.

मंगाईच्या जत्रेच्या रात्री करंट गेला, पाच तास.
घर पाहुण्यांनी भरलेलं.
डब्यात कोंडलेलं पाणी अंधारात सडत राहिलं,
आणि पहाटे लाइट आली तसं
डब्यानं ते सगळं एका ढेकरात टाकीत सोडलं.
निळा डॅमसेल आडवा.
पाहुण्यांतल्या एका पोरानं विचारलं, झोपलाय काय?

गुरलिंगमामा बघायला आला.
मागांचा जुना मिस्त्री,
डावा कान मागांनी खाल्लेला, उजवा अर्धा.
त्यानं पाणी बघितलंच नाही.
कपाटावर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"तीन फिरत्यात. मधल्याचं बेअरिंग गेलंय."
मग म्हणाला, "एकेक काढून बघ की.
कुठं थांबायचं ते मासं सांगतील. साकु."

साकु. पुरे.
हा कानडी शब्द आम्ही जेवताना वापरतो,
ताटावर हात आडवा धरून.
यंत्राला म्हणायचं कधी सुचलं नव्हतं.

श्रावणात गोळे काढले. आठ दिवस झोप नाही.
गणपती गेल्यावर स्पंज, मग तो दिवा.
दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत स्किमरही मांडला,
हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला,
आणि परत कपाटात ठेवलाच नाही.
डबा दिवाळीला भंगारवाल्या इस्माईलनं नेला,
वजन करताना त्यातनं अजून पाणी गळत होतं.

उरलं ते एवढंच:
आठ किलो भोकाभोकांचा दगड,
पाणी हलवणारा मुठीएवढा एक पंप,
आणि रविवारी एक बादली,
सहा लिटर काढायचं, सहा लिटर नवं खारं घालायचं.
बादलीवर बायकोनं लाल ऑइलपेंटनं लिहिलंय:
धुण्याला घेऊ नये.
रोज उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र साधंच पाणी,
उडतं ते पाणी. मीठ कुठं जातंय?
आणि दगडाच्या पोटात, जिथं हवा पोचत नाही,
तिथं जे काही राहतं
ते माझ्या नळ्या नुसतं गोळा करायच्या ते खाऊन टाकतं.
काचनळी आता पातळ सरबतासारखी, फिकी पिवळी.

कार्तिकातल्या एका रात्री खोली इतकी गप्प
की भिंतीवर पाल चालताना ऐकू यावी.
टाकीतून आवाज आला. टक.
काच तडकली!
टॉर्च घेऊन चारी कडा चाचपल्या. कोरड्या.
पुन्हा टक. दगडाच्या आतून.

कोळंबी. एक नांगी वाजवी मोठी नसलेली, अवाढव्य,
ती मिटून चुटकी मारणारी.
दगडाबरोबरच आली असणार, दोन वर्षांपूर्वी.
दोन वर्षं ती वाजवत होती
आणि मी पंप ऐकत होतो.

सकाळी गुरलिंगमामाला बोलावलं.
त्याला ऐकू येणार नाही हे माहीत होतं.
त्यानं तळवा काचेला लावला.
चहा निवला, साय धरली.
मग त्याचा अंगठा जरासा उडाला.
"माग आहे की रे आत," तो म्हणाला,
"एकाच धोट्याचा."